तिळातले तेल, वाळूतले तेल

सकाळी साडेसहाच्या सुमाराला नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर माणसाच्या कातडीवरचे सगळे लिखाण उघड्यावर वाचायला मिळते. अंघोळीला उतरलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी उघड्या असतात. जानव्याच्या रेषेलगत तीळ, मानेभोवती जोंधळ्याएवढ्या लोंबत्या चामखिळी, खांद्यांवर मेणाचे थेंब चिकटवावेत तसे काळपट खवलेदार ठिपके आणि कमरेला, धोतराच्या गाठीखाली, घासून घासून चकाकी आलेला काळा पट्टा. शरीरावरच्या खुणेला काही अर्थ असतो, हे या गावाला वेगळे शिकवावे लागत नाही. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून ही नासिका, अशी गावाच्या नावाचीच कथा आहे. जिल्ह्यातल्या मांगी-तुंगीच्या डोंगरात ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती आहे. तीर्थंकर ओळखायचा तो त्याच्या लांछनावरून, आणि ऋषभदेवांचे लांछन बैल. विष्णूच्या छातीवरचे श्रीवत्स हेही लांछनच, आणि कुणाच्या चारित्र्याला लागते तेही लांछनच. एकाच शब्दात मान आणि बट्टा दोन्ही सामावून घेणाऱ्या या भाषेत गेल्या काही दशकांत खुणेला तिसरा अर्थ चिकटला. ओठावरचा तीळ भाग्याचा की दुर्भाग्याचा, हे विचारणे मागे पडले आणि ‘यातून कॅन्सर तर होणार नाही ना?’ हा प्रश्न पुढे आला. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. पण त्याच्या पोटात एक जुना दार्शनिक प्रश्न आहे: निरुपद्रवी वस्तूत उपद्रव आधीपासून दडलेला असतो, की तो नव्याने उपजतो?

गंमत अशी, की डॉक्टरांच्या कितीतरी आधी तत्त्वज्ञांनी हा प्रश्न तिळाचेच उदाहरण घेऊन घोळवला आहे. अर्थात खायच्या तिळाचे. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो, की कार्य कारणात आधीपासून असतेच, फक्त अव्यक्त असते. घाण्यात तीळ घातले तर तेल निघते आणि वाळू घातली तर निघत नाही, कारण तेल तिळात होते, वाळूत नव्हते. नैयायिकांना हे पटत नाही. घडा मातीत आधीच होता तर कुंभाराने चाक कशाला फिरवायचे, आणि मातीच्या गोळ्यात पाणी का भरून ठेवता येत नाही? त्यांच्या मते कार्य नवे असते. माती, चाक, दांडा, कुंभार अशी सगळी सामग्री जमली की ते उपजते, आणि तिच्यातले एकही कमी असेल तर उपजत नाही. हा वाद पोथीतला वाटतो, पण चामखीळ दाखवायला दवाखान्यात बसलेल्या माणसाच्या मनात नेमका तोच चाललेला असतो. ‘आत आहेच, कधीतरी डोके वर काढणार’ असे वाटणारा तो नकळत सांख्य झालेला असतो. तिळाच्या आणि कर्करोगाच्या बाबतीत माझा कौल नैयायिकांना आहे. सांख्यांची बाजू लेचीपेची आहे म्हणून नव्हे. आधुनिक प्रयोगशाळेने आधी तिलाच बळ दिले होते. पुढे त्याच प्रयोगशाळेत तिचा पाय अडकला.

सुरुवात नावांपासून करावी, कारण जुन्या वैद्यांनी नावे ठेवताना डोळे उघडे ठेवले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मशक आणि तिलकालक येतात. एक माषासारखा, म्हणजे उडदासारखा उंच. आपला ‘मस’ तिथूनच आला. दुसरा तिळासारखा काळा आणि सपाट. दोघांचेही दुखत नाही हे लक्षण आवर्जून नोंदवले आहे आणि दोघांची रवानगी क्षुद्ररोगांच्या अध्यायात केली आहे. अर्बुदाचा, म्हणजे वाढत जाणाऱ्या, खोल मुळाच्या, न पिकणाऱ्या गाठीचा विचार मात्र वेगळ्या अध्यायात आहे, आणि त्यातले काही प्रकार असाध्य म्हणून सोडून दिले आहेत. सूक्ष्मदर्शक हाती नसताना धान्याच्या दाण्यांवरून नावे देणाऱ्या त्या निरीक्षकाने तिळाला अर्बुदाचे पिल्लू मानले नाही. अर्थात एवढ्यावरून त्याला सगळे ठाऊक होते असे म्हणणे म्हणजे भाबडा अभिमान. पण लहान-मोठे असणे आणि एकाच जातीचे असणे यांतला फरक त्याला दिसला होता, आणि आज वर्तमानपत्राची आरोग्य-पुरवणी वाचून घाबरणाऱ्याला तो दिसत नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता आकड्यांकडे. तिळाशी ज्याचे नाव जोडले जाते तो कर्करोग म्हणजे मेलॅनोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा. 2017 साली मेलॅनोमावरचे 38 अभ्यास एकत्र करून 20 हजारांहून अधिक गाठींचा हिशेब मांडला गेला. त्यांतल्या सुमारे 29 टक्के गाठी जुन्या तिळात सुरू झाल्या होत्या. उरलेल्या 71 टक्के जिथे काहीच नव्हते अशा साध्या कातडीवर उगवल्या होत्या. उलट बाजूने मोजले तर चित्र आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या आकडेवारीवरून 2003 साली काढलेल्या एका हिशेबाप्रमाणे विशीतल्या पुरुषाचा एखादा तीळ तो 80 वर्षांचा होईपर्यंत मेलॅनोमा होण्याची शक्यता 3,164 मध्ये 1, तर स्त्रीच्या बाबतीत 10,800 मध्ये 1. हे गोऱ्या कातडीच्या, मेलॅनोमाने गांजलेल्या देशातले आकडे. भारतात मेलॅनोमाचे प्रमाण वर्षाला लाखात एकाहूनही कमी आहे. मानेवरच्या लोंबत्या चामखिळी आणि म्हातारपणीचे ते मेणचट खवले तर जवळजवळ कधीच वाट सोडत नाहीत. तिळात तेल असते तसा कर्करोग तिळात असता, तर हजारो घाण्यांतून एखादाच थेंब का गळावा?

यावर सांख्यांचा वकील गप्प बसणार नाही, आणि त्याच्याकडे दाखवायला भक्कम पुरावा आहे. 2002 साली मेलॅनोमाच्या निम्म्याहून अधिक गाठींत बीआरएएफ या जनुकातला एक ठरावीक बिघाड सापडला. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारी कळ चालू अवस्थेत अडकून बसते, असा तो बिघाड. पुढच्याच वर्षी तोच बिघाड साध्या, निरुपद्रवी तिळांत शोधला, तर दहापैकी आठ तिळांत तो निघाला. म्हणजे बीज होतेच! वाद इथेच मिटायला हवा होता. पण मग हे तीळ पन्नास-पन्नास वर्षे मसुराएवढेच का राहतात? 2005 साली उत्तर आले. बिघाड झालेली रंगपेशी काही काळ भराभर वाढते आणि मग तिच्याच आतली यंत्रणा तिला थांबवते. ती मरत नाही, पण पुन्हा विभागतही नाही. अकाली म्हातारी होऊन बसते. या दृष्टीने तीळ हा सुरू झालेला कर्करोग नसून थांबवलेली वाढ आहे, आणि ती थांबली याची तो खूणच आहे. पुढे 2015 साली आणखी चकित करणारी गोष्ट समोर आली. पापण्यांच्या शस्त्रक्रियेत कापून टाकलेली चार माणसांची निरोगी कातडी बारकाईने तपासली, तेव्हा तिच्यातल्या 18 ते 32 टक्के पेशींत कर्करोगाला हातभार लावणारे जनुकबदल सापडले. वर ना तीळ, ना मस, ना चट्टा. तेव्हा तिळात तेल आहे असे म्हणायचे असेल, तर वाळूतही आहे असे म्हणावे लागते. आणि जे सगळीकडेच आहे, ते अमुक ठिकाणीच का प्रकटले याचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. सत्कार्यवाद इथे खोटा ठरत नाही. तो निरुपयोगी ठरतो, आणि एखाद्या सिद्धांताला त्याहून वाईट मरण नाही.

मग तिळांचा आणि कर्करोगाचा संबंध नाहीच काय? आहे, पण तो ओळखायला कारक हेतू आणि ज्ञापक हेतू वेगळे काढावे लागतात. आग धुराचे कारक आहे. धूर आगीचा ज्ञापक आहे, तो आग लावत नाही. ज्याच्या अंगावर शंभरावर तीळ आहेत त्याला मेलॅनोमाचा धोका पंधराहून कमी तीळ असणाऱ्याच्या जवळजवळ सातपट असतो, हे पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांतून नीट प्रस्थापित झाले आहे. पण मेलॅनोमा बहुतांशी तिळाबाहेरच उगवतो हे आत्ताच पाहिले. याचा अर्थ ते तीळ मुख्यतः साक्षीदार आहेत: या कातडीचा पिंड कसा आहे आणि तिने लहानपणी किती ऊन खाल्ले, हे ते सांगतात. मानेवरच्या लोंबत्या चामखिळींचेही तसेच. त्या कर्करोगाविषयी काही बोलत नाहीत. बोलल्याच तर वाढत्या वजनाविषयी आणि रक्तातल्या साखरेविषयी बोलतात. घोड्याचा केस आवळून किंवा चुना लावून त्या पाडणारा माणूस साक्षीदाराला हाकलून देतो आणि खटला मिटला असे समजतो. (वर जखम चिघळते ती वेगळीच.) नैयायिकांनी अशा घटकांसाठी एक मजेदार उदाहरण ठेवले आहे. घडा घडण्याआधी कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, पण गाढव घड्याचे कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. आपल्या अंगावरच्या बहुतेक गाठी-ठिपके हे असे गाढव आहेत. दहापैकी तीन मेलॅनोमांत तीळ ही माती असते, हेही मान्य केले पाहिजे. आणि जन्मतःच पाठभर पसरलेला केसाळ, काळा मोठा डाग असेल तर त्या मातीवर लहानपणापासून लक्ष ठेवावे लागते. पण चाक आणि दांडा यांच्याकडे कुणी बघायचे?

चाक-दांडा पाहायचा तर महाराष्ट्रातच पाहावा. 2024 साली वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत मांडली. एक सत्तरीची, साडीखालचा परकर कमरेला घट्ट बांधत आलेली, आणि कुशीवर अठरा महिने न भरणारी जखम. दुसरी सत्तरीच्या उंबरठ्यावरची. ती परकर न घालता लुगडेच कमरेला आवळून नेसायची, रोज, चाळीस वर्षे. तिच्या कुशीवरच्या जखमेतला रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. दोघींनाही स्क्वेमस पेशींचा कर्करोग. भारतात कातडीच्या कर्करोगांत हाच जास्त आढळतो. त्या जागी ना तीळ होता, ना मस. होता तो फक्त नाड्याचा वळ. लुगडे किंवा परकर कसा आवळला जातो हे एकदा जवळून पाहावे. दिवसभर वाकून लावणी-खुरपणी करायची, डोईवर पाणी आणायचे, तर गाठ सुटता कामा नये. म्हणून श्वास आत ओढून नाडा खेचतात आणि गाठीवर गाठ मारतात. आधी त्या रेषेवर कातडी काळी पडते, मग तिथे खाज, घामोळे, सोलवटणे. उन्हाळ्यात घाम आणि धूळ नाड्याखाली साचते. सोललेली जागा भरायला लागते न लागते तोच दुसऱ्या दिवशीची गाठ तिच्यावर बसते. पेशी भरून काढायला विभागत राहतात, पुन्हा सोलल्या जातात, पुन्हा विभागतात, आणि अशा हजारो दुरुस्त्यांत कधीतरी एक दुरुस्ती चुकते. भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर होणारा हा प्रकार मार्जोलिनचा व्रण म्हणून वैद्यकाला जुना परिचित आहे. आणि आपल्याकडचा विशेष आपल्याच माणसाने टिपला होता: मुंबईच्या वसंत रामजी खानोलकरांनी बी. सूर्याबाईंच्या जोडीने 1945 साली चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर निबंध लिहिला, आणि धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणारा ‘धोती कॅन्सर’ त्यातूनच जगाला माहीत झाला. वाळू रगडून तेल काढण्याची भर्तृहरीची कल्पना वामनपंडितांमुळे मराठी मुलांच्या तोंडी बसली. आपण ती प्रयत्नवादाची शिकवण म्हणून पाठ करतो. कमरेवर ती अक्षरशः घडते. तिथे तेल दिसत नव्हते. रगडणे मात्र चाळीस वर्षे थांबले नाही.

इथे आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. लाखो आज्या नऊवारी नेसून गेल्या. त्यांना काही झाले नाही. मग लुगड्याला दोष कसा द्यायचा? दोष लुगड्याला देतच नाही. एकट्या चाकाने घडा होत नाही, म्हणून चाक कारण नाही असे ठरत नाही. सामग्रीतला तो एक घटक, आणि सामग्री पूर्ण जमणे विरळा. पण चाक थांबवले तर घडा होत नाही, हे खरेच, आणि माणसाच्या हाती सहसा तेवढेच असते: नाड्याऐवजी रुंद पट्टा, सैल गाठ, घरी असताना जागा बदलून बांधणे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सामग्री कुणाची जमते आणि कुणाची नाही, हे कोण ठरवते? शेजारणीने तेच लुगडे, तीच गाठ, तेच शेत सांभाळले आणि ती धडधाकट राहिली. आधुनिक माणूस म्हणतो योगायोग. धर्म म्हणतो अदृष्ट. आणि ज्यांच्या बाजूने मी बोलतो आहे ते नैयायिकसुद्धा अदृष्ट मानतात, याची आठवण कुणीही करून देईल. मानतात, पण कोणत्या रांगेत बसवतात ते पाहण्यासारखे आहे. काल, दिशा, ईश्वर यांच्यासोबत अदृष्ट हे त्यांच्याकडे साधारण कारण, म्हणजे प्रत्येक कार्याला लागणारे. जे घडा घडायलाही लागते आणि फुटायलाही, ते हा घडा का फुटला याचे खास कारण म्हणून सांगता येत नाही. अदृष्टावर श्रद्धा ठेवूनही नाडा तपासावाच लागतो.

धर्माच्या नावावर झालेली चूक अदृष्ट मानण्यात नव्हती. ती खुणेवरून अदृष्ट वाचू पाहण्यात होती. चरकसंहितेत किलासाची, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्या पांढऱ्या डागांची कारणे सांगताना खोटे बोलणे, कृतघ्नता, देवांची निंदा, गुरूंचा अवमान, पापकृत्य, पूर्वकर्म अशी यादी येते, आणि शेवटी विरुद्ध अन्नही येते. या यादीतले पथ्य लोक विसरले आणि पाप तेवढे लक्षात ठेवले. आजही लग्नाच्या बैठकीत कोडाचा ठिपका लपवला जातो, मुलगी नाकारली जाते. वास्तविक कोड संसर्गजन्य नाही, कर्करोगाची पायरी नाही. उलट कोड असलेल्यांत मेलॅनोमा कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. ज्या डागाला भ्यायचे कारण नाही त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या भ्यालो, आणि कमरेवरच्या वळाला बाईपणाचा भाग समजलो. या न्यायाने तिळात कर्करोग शोधणारा आजचा भयभीत माणूस आणि डागात पाप शोधणारा कालचा पंच हे सख्खे भाऊ ठरतात. दोघांनाही खूण ही वस्तूचा स्वभाव वाटते. दोघेही डागाकडे बोट दाखवतात, आणि तो कशाने, किती दिवसांत, कुठे झाला हे विचारायचे राहून जाते.

तरीही प्रारब्ध हा शब्द मोडीत काढायला मी तयार नाही. भोग म्हणून दुखणे स्वीकारण्यात मराठी माणसाला शतकानुशतके जे बळ मिळाले, ते आकडेवारीने मिळत नाही. 3,164 मध्ये 1 या शक्यतेतला तो 1 झालेल्याला हा आकडा काही सांत्वन देत नाही. प्रश्न तो शब्द कधी उच्चारायचा याचा आहे. उपचार झाल्यावर, किंवा ते संपल्यावर, प्रारब्ध म्हटले तर तो धीर असतो. जखम पहिल्यांदा दिसल्यावर म्हटले तर ती दिरंगाई असते. अठरा महिने न भरणारी जखम झाकून ठेवण्यामागे लाज असते, अंतर असते, पैसा नसतो. आणि बऱ्याचदा ‘नशिबात असेल ते होईल’ हेही असते. सुटलेला बाण परत घेता येत नाही म्हणून वेदान्ती प्रारब्धाला बाणाची उपमा देतात. पण भात्यातल्या बाणाला कुणी प्रारब्ध म्हटलेले नाही.

राहिला व्यवहाराचा आक्षेप: तीळ बीज नसेल, तर डॉक्टर तो जपायला का सांगतात आणि कधी कधी कापून का तपासतात? कारण बाहेरून माती आणि गाढव यांत फरक करणे डोळ्यांना नेहमी जमत नाही. पण डॉक्टर काय विचारतात ते ऐकावे. ‘तीळ आहे का’ असे ते विचारत नाहीत. तो बदलला का, एका बाजूने वाढला का, कडा फाटल्या का, एकात दोन-तीन रंग आले का, रक्त येते का, जखम महिनाभरात भरली नाही का, असे विचारतात. सगळे प्रश्न क्रियेचे आहेत, वस्तूचे नाहीत. आणि सावळ्या कातडीच्या आपल्या मुलखात मेलॅनोमा बऱ्याचदा जिथे उगवतो ती जागा पाठीवरच्या तिळांपासून फार लांब आहे: तळवा, टाच, नखाखालची कातडी. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 साली सापडला तो असाच. फुटबॉल खेळताना झालेली इजा समजून तो आधी सोडून दिला गेला होता. अंगठा कापू न देण्यामागे त्याची रास्ताफारी श्रद्धा होती असे सांगतात. 1981 साली, वयाच्या 36 व्या वर्षी तो गेला. आपल्याकडे पायांना श्रद्धेत केवढे स्थान आहे! देवाचे चरण, गुरूंच्या पादुका, थोरामोठ्यांचे पाय धरणे. स्वतःचा तळवा मात्र पाहायची चाल नाही. रामकुंडाच्या पायरीवर बसून वज्रीने टाच घासणाऱ्या म्हाताऱ्याची नजर पाण्यापलीकडच्या कळसावर असते. टाचेवर मसुराएवढा काळा ठिपका असेल, गेल्या दिवाळीला तो नसेल, आणि त्याच्या कडा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा पसरल्या असतील, तर वज्रीने तो जात नाही. पाय वळवून, पाणी निथळू देऊन, तो उजेडाकडे धरून बघावा लागतो. आणि गुडघे वळत नसतील तर सोबत आलेल्या नातवाला बघायला सांगावे लागते.